पूजेतला कान

दक्षिण ध्रुवावर थंडी किती असते, असं मला लोक विचारतात. मला माहीत नाही. मी तिथे गेलेलो नाही. गेले ते मी तपासलेले कान. ते गेले आणि तिथेच राहिले. मी नाशिकजवळ, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या शेडखाली, पाण्याच्या टाकीजवळ बसून होतो. अजूनही तिथेच बसतो.

आमचा कारखाना लहान आहे. सिरॅमिकच्या चकत्या आणून त्यांना तारा जोडायच्या, त्या स्टीलच्या डबीत बसवायच्या, हे आमचं काम. या चकतीवर दाब आला की ती किंचित वीज देते, आणि तिला वीज दिली की ती किंचित हलते. म्हणजे एकच वस्तू ऐकतेही आणि बोलतेही. ऐकायला लावली की आम्ही तिला कान म्हणतो, बोलायला लावली की तोंड. हे शब्द वायरिंगच्या खोलीतल्या बायकांनी पाडले. माझ्या डिग्रीत यासाठी मोठाले शब्द होते, पण इतक्या वर्षांत ते मीही वापरेनासा झालो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. मालेगावचे एक यंत्रमागवाले हाजीसाहेब आले होते. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं. त्यांना प्रत्येक मागाला एक कान लावून हवा होता. "माग बिघडायच्या आधी सांगतो, साहेब," ते माझ्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडून म्हणाले, "लेकिन आता मला त्याचं ऐकू येत नाही. चाळीस साल की पहचान आहे, बरं दिसत नाही ते." आम्ही कान लावून दिले. कानाच्या जोडीला दिवा होता, मागाचा आवाज बदलला की तो लागायचा. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. दिवे सगळेच लागतात म्हणाले. मी जाऊन पाहिलं तर कान बरोबर होते. मागच सगळे बिघडायला आले होते. त्यांना ते आवडलं नाही. खरं सांगणाऱ्या वस्तूवर माणसं चिडतात, हे मी त्यांच्याकडून शिकलो. पण शिकून उपयोग झाला नाही, ते पुढे येईलच.

ध्रुवाचं काम आलं ते परदेशातल्या एका विद्यापीठाच्या गटाकडून. आमचे मालक देवरे साहेब सटाण्याकडचे. बोलणं आता शहरी झालंय, पण ताण आला की अहिराणी बाहेर पडते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "आहेर, बर्फात काहीतरी ऐकायचं शे. काय शे ते तू समजून घे आणि मला दोन वाक्यांत सांग."

दोन वाक्यांत ते मला तेव्हा जमलं नाही. आता प्रयत्न करतो. न्यूट्रिनो नावाचा एक अतिसूक्ष्म कण आहे, तो आकाशाच्या दूरच्या कोपऱ्यांतून येतो आणि कशालाही न अडता पृथ्वीच्या आरपार निघून जातो. तुम्ही हे वाचताय तेवढ्या वेळात असंख्य न्यूट्रिनो तुमच्या अंगातून गेले, तुम्हाला कळलंही नाही. पण कधीतरी, फार क्वचित, एखादा प्रचंड जोरानं येणारा कण बर्फातल्या एखाद्या अणूच्या गाभ्यावर आपटतो. तिथला बर्फाचा एक धाग्याएवढा पट्टा अगदी नकळत तापतो. तापलं की फुगतं, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. तो धागा एकदम फुगतो आणि 'टक' असा एक आवाज होतो. तो भाकरीसारखा चपटा होऊन चहूकडे पसरतो.

ती टक ऐकायची होती. उजेडावरून हे कण पकडण्याचं काम ध्रुवावर आधीच चालू होतं, पण बर्फात उजेड फार लांब जात नाही. आवाज मात्र कित्येक किलोमीटर जाईल, असं गणित सांगत होतं. तसं असेल तर मोजके कान लांब लांब पेरून केवढ्या तरी मोठ्या बर्फावर पहारा ठेवता आला असता. गणित खरं आहे का ते पाहायला आधी थोडे कान आणि थोडी तोंडं उतरवायची होती. बर्फ खरंच लांबवर आवाज नेतो असं दिसलं, तर मग शेकडो कान लागणार होते. देवरे साहेबांना या सगळ्यातलं 'शेकडो' तेवढं लगेच समजलं, आणि त्यात काही चूक नव्हती.

कान उतरवायची रीत अशी. गरम पाण्यानं बर्फात खोल भोक पाडायचं. भोकात पाणी असेपर्यंत दोरीनं कान खाली सोडायचे. मग पाणी पुन्हा गोठतं आणि कान त्यात कायमचे चिणले जातात. टाका सुटला, चकतीला तडा गेला, तरी कुणाचा हात तिथे पोचत नाही. आयुष्यभर मी दुरुस्तीला परत येणाऱ्या वस्तू केल्या होत्या. ही पहिलीच अशी, की जी गेली ती गेली.

म्हणून या कामासाठी वायरिंगच्या खोलीत पाच नव्या बायका घेतल्या आणि पुढे त्यांच्यातल्याच यशोदाताई भोये यांना बाकीच्यांवर नेमलं. यशोदाताई पेठकडच्या डोंगरातल्या. दर वर्षी भातकापणी झाली की बिऱ्हाड बांधून दिंडोरीला द्राक्षाच्या कामावर उतरायचं, हे त्यांचं लग्नानंतरचं आयुष्य. आमच्याकडे नोकरी लागल्यावर त्यांनी अंबडला खोली घेतली आणि मुलीला, मनीषाला, नाशकातल्या शाळेत घातलं. "आता वर्षातून दोनदा हिची शाळा सुटणार नाय," हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तारा जोडायला त्यांना मीच शिकवलं. पहिल्या पंधरवड्यात इतक्या चकत्या जाळल्या की देवरे साहेब म्हणाले, या बाई ध्रुवावरचा बर्फ वितळवतील. नंतर हात बसला.

मला बर्फात चाचणी घ्यायची होती. नाशकात बर्फ म्हणजे उसाच्या रसातला. शेवटी दिंडोरीजवळच्या एका शीतगृहात सोय झाली. द्राक्षांचा हंगाम नव्हता आणि मटार गोठवायची त्यांची खोली रिकामी होती. तिथे हौदभर पाणी गोठवून आम्ही त्यात कान चिणले. पहिल्या दिवशी ठळक टकटक ऐकू आली आणि माझ्या अंगावर काटा आला. चौकीदार काका बाहेर काठीनं दारावरचा बर्फ झाडत होते. मी बाहेर येऊन थांबा म्हटलं तर म्हणाले, "मग तुमचा न्यूटन सापडंल का?" तेव्हापासून शीतगृहात सगळे मला न्यूटनवाले म्हणत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मी तिच्यापासून पळतोय हे माझ्या लक्षात आलंय.

दोन कान कधीच सारखे नसतात. एक थोडा तिखट, एक थोडा मंद. कोणता किती तिखट हे आधी मोजून ठेवावं लागतं, नाहीतर दूरच्या कानाला आवाज कमी आला तो बर्फामुळे की कानामुळे, हे कळणार कसं? यासाठी आमच्याकडे एक पक्का कान होता, ज्याच्याशी बाकीचे सगळे ताडून पाहायचे. बायका त्याला थोरला म्हणायच्या. टाकीत थोरला आणि नवा कान शेजारी शेजारी सोडायचे, तोंडातून आवाज काढायचा आणि यंत्राच्या पडद्यावर उमटणाऱ्या दोघांच्या रेघा जुळवायच्या. हे माझं काम. हे काम मी कुणाला करू दिलं नाही.

अर्धे कान ताडून झाले आणि खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी एकही हत्यार चालत नाही. लेथ, ड्रिल, सोल्डरिंग आयर्न, सगळं धुऊनपुसून मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. यशोदाताईंनी पूजा मांडली. मी हात धुऊन आलो तर मधोमध पाटावर थोरला. कुंकवाचं बोट, हळदीचं बोट, वर झेंडू, आणि ताई आंब्याच्या डहाळीनं पाणी शिंपडतायत.

"ताई, तो नको होता," मी म्हटलं.

"असं कसं? सगळ्यांचा थोरला तो. त्याला सोडून लेथला पूजायचं?"

बाकीच्या हसल्या. मग मीही हात जोडले. दसऱ्यानंतर थोरला पुसला, टाकीत सोडला आणि आधी ताडलेले काही कान पुन्हा त्याच्याशी ताडून पाहिले. रेघा होत्या तिथेच होत्या. मग उरलेले अर्धे केले. कान गेले, उतरले, गोठले.

ध्रुवावरच्या उन्हाळ्यात मोजणी झाली. पुढे कित्येक महिने काहीच कळलं नाही. मग एक दिवस त्या गटाच्या प्राध्यापकांचा निरोप आला की बोलायचं आहे. ते उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ, व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर नेहमी अर्धेच दिसायचे. आकडे देवरे साहेबांना आधीच कळले होते. बर्फ आवाज गिळत होता. किलोमीटरच्या जागी काहीशे मीटर जाईपर्यंतच आवाजाचा जीव जात होता. हे खरं असेल तर मोजक्या कानांत भागणार नव्हतं, दाट पेरावे लागणार होते, आणि एवढ्याला कुणीही हात घालणार नव्हतं. 'शेकडो' संपलं होतं.

अर्थात, हे खरं असेल तर. दूरचे कानच जर मंद निघाले असतील, तर दोष बर्फाचा नव्हता. गोठल्यावर कान किती बदलतो याचा हिशेब प्राध्यापकांनी आपल्या परीनं धरला होता. आमच्याकडून त्यांना एकच हवं होतं, मूळ ताडणीची खात्री. खात्री नसेल तर पुढच्या हंगामात नवे कान उतरवायचे, म्हणजे आम्हाला आणखी एक वर्षाचं काम.

बोलणं सुरू व्हायच्या आधी देवरे साहेबांनी केबिनचं दार लावलं.

"आहेर, थोरला पूजेत होता ना?"

"होता."

"हळदकुंकू लागलं, पाणी शिंपडलं. अर्धे कान त्याच्या आधीचे, अर्धे नंतरचे."

"हो, पण नंतर मी तपासून—"

"माझं होऊ दे. त्यात तो थोडा सरकला असंल, असं म्हणायला जागा शे का नाही?"

"काढली तर निघेल."

"मग काढ ना, भाऊ. खोटं बोल असं मी म्हणत नाही. खात्री नाही, एवढंच म्हण. जगात खात्री कुणाला असते?" मग हळू आवाजात म्हणाले, "त्या खोलीत पाच जणी बसल्यात. मला त्यांना नाही सांगता येणार."

देवरे साहेबांना लोभी म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण ते लोभानं बोलत नव्हते. मला ते तेव्हाही दिसत होतं.

पडद्यावर प्राध्यापक आले. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग त्यांनी सरळ विचारलं की तुमच्या ताडणीबद्दल तुम्हाला काही शंका आहे का. काचेपलीकडे वायरिंगची खोली दिसत होती. यशोदाताई उजेडाकडे धरून एक चकती बघत होत्या.

मी म्हटलं, शंका नाही. ताडणी पक्की आहे.

त्यांनी आभार मानले. देवरे साहेबांनी उठून केबिनचं दार उघडलं. त्या दिवसापासून ते मला आहेरच्या ऐवजी आहेरसाहेब म्हणू लागले, अजून म्हणतात.

दोन महिन्यांत वायरिंगची खोली रिकामी झाली. निघताना ताईंनी आपलं सोल्डरिंग आयर्न पुसून माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "आमचं काय चुकलं का, सर?" मी म्हटलं, नाही, बर्फच तसा निघाला. बाकी काही सांगितलं नाही. अंबडची खोली सुटली. मनीषा तेव्हा बारावीत गेली होती.

मी खरं बोललो, याबद्दल मला पश्चात्ताप नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण मी खऱ्यासाठी बोललो की माझ्या ताडणीच्या अब्रूसाठी? त्या क्षणी माझ्या मनात विज्ञान नव्हतं, हे मला पक्कं आठवतं. मनात एवढंच होतं की माझ्या रेघांना कुणी बोट लावू नये. वर मी स्वतःची अशी समजूत घातली होती की ताईंच्या पूजेवर खापर फोडायला नको, बाईमाणसाची श्रद्धा आहे. म्हणजे त्यांचं काम घालवलं आणि ते त्यांच्याच मानासाठी, असा माझा हिशेब.

खरा चटका पुढे बसला. पुढच्या हंगामात त्या लोकांनी निराळीच युक्ती केली. एकच तोंड घेतलं आणि ते एका भोकातून काढून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडलं, भोकं गोठायच्या आत. ऐकणारा कान एकच, तोंडही तेच, बदलतं फक्त अंतर. मग कान तिखट की मंद, काही फरक पडत नाही. उत्तर तेच आलं, बर्फ आवाज गिळतो. ही युक्ती त्यांनी तशीही केलीच असती. प्राध्यापकांनीच मला सहज सांगितलं, अगदी कौतुकानं, की तुमचं म्हणणं बरोबर निघालं. म्हणजे मी शंका बोलून दाखवली असती तरी खरं ते बाहेर येणारच होतं. विज्ञानाचं काही बिघडलं नसतं. वायरिंगच्या खोलीला मात्र एक वर्ष मिळालं असतं.

त्यांनी आणखी एक सांगितलं. कान अधूनमधून टक ऐकतात. न्यूट्रिनोची नाही. भोकं पाडायला लागणारं पाणी त्यांनी बर्फातच विहिरी वितळवून काढलं होतं. त्या विहिरी आता पुन्हा गोठतायत, आणि गोठताना तडतडतात. एवढ्या दूर जाऊन, एवढे कान पेरून ऐकू काय आलं, तर स्वतःच खणलेल्या विहिरींचा आवाज. प्राध्यापक हसले. मलाही हसावं लागलं.

मागच्या द्राक्ष हंगामात मी त्याच शीतगृहात गेलो. आता तिथे अमोनियाची गळती ऐकणारे कान बसवायचे होते. वायू बारीक फटीतून निसटताना माणसाला ऐकू येत नाही असा उंच आवाज करतो, तो आमच्या चकतीला ऐकू येतो. काम संपवून पॅकिंगच्या शेडमधून निघालो, तर पांढरी टोपी घातलेली एक बाई सरकत्या पट्ट्याजवळून म्हणाली, "न्यूटनवाले, ओळख ठेवा."

यशोदाताई होत्या. चहाची सुट्टी झाली होती. आम्ही क्रेटवर बसलो. मनीषाचं विचारलं. लग्न झालं, सासर दिंडोरीतच, तीही द्राक्षाच्या कामाला जाते. "बारावी राह्यली तिची. म्हणते करीन, करीन. आता कुठं करते."

मी तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. तिथे सगळं सांगितलं. केबिनमधलं बोलणं, पडद्यावरचं उत्तर, मिळालं असतं ते वर्ष. ताई चहा पीत ऐकत होत्या.

"म्हंजे तुम्ही सांगितलं, कान बरोबर हायेत."

"हो."

"ते बरोबरच होते. आम्हीच जोडलेले." त्यांनी पेला खाली ठेवला. "पण मग माझ्या पूजेवर ढकलायचं ना, सर."

"तुमचं नाव खराब झालं असतं."

"कुठं? त्या बर्फात?" त्या मोकळ्या हसल्या. "तिथं मला कोण वळखतंय? आन् देव काय रागावला नसता. वरीसभर काम भेटलं असतं तर उलट दोन नारळ जास्ती फोडले असते त्याला."

पट्टा सुरू झाल्याची घंटा वाजली. ताई उठल्या, टोपी सारखी केली. मग जाता जाता, रागानं नाही, नुसतं लक्षात आलं म्हणून बोलावं तसं म्हणाल्या, "मी तिथंच तर बसले होते, काचेच्या पलीकडं. एकदा इचारायचं तरी."

हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. खरं की खोटं, विज्ञान की पोट, अब्रू की माणुसकी, सगळं उलटसुलट करून झालं होतं. दार उघडून त्यांना विचारावं, हे सुचलं नव्हतं. ऐकायची यंत्रं करण्यात माझा जन्म गेला.

गेल्या खंडेनवमीला मी थोरला कपाटातून काढला. इतकी वर्षं मी त्याला पूजेत ठेवू देत नव्हतो. या वेळी पाटावर मधोमध ठेवला, हळद लावली, कुंकू लावलं, झेंडू वाहिला, डहाळीनं पाणी शिंपडलं. जरा जास्तच शिंपडलं. दसऱ्यानंतर पुसून टाकीत सोडला आणि रेघेकडे बघत बसलो. थोडी तरी सरकलेली असावी, असं फार वाटत होतं.

रेघ होती तिथेच होती.